कोळशाच्या चित्रांत हंडा कुठे आहे?

सास्ती (जि. चंद्रपूर) गावचे चित्रकार प्रभाकर पाचपुते कोळशानेच खाणकामगारांची चित्रे काढतात. भिंतभर रेखाटने, हलती चित्रे, आवाज. बघणारा जणू खाणीत उतरतो. शहरी झगमगाटाची किंमत तिथे अंगावर येते.

पण अर्धीच. कोळसा जाळून हवामान बिघडते, शिवाय ही वीज पाणीही पिते. आपल्या सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्याचे पाणी परळीच्या वीज केंद्राला जाते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद पडले, त्याची बातमी झाली. टँकरपुढे रात्र काढणाऱ्या बायांची किती झाली? त्या रिकाम्या हंड्यांचा खणखणाट, रांगेतली भांडणे या कलेत यायला हवीत. आणि ती सोनपेठच्या बाजारात मांडावी. ऐन खेळात वीज गेली तर बाया हसतील, तेही चालेल.