'किती' म्हणजे मेनी की मच?



आपल्या मराठीत 'किती' हा एकच शब्द सगळीकडे चालतो. किती मुले, किती पाणी, किती कांदे, किती दूध. इंग्रजीत मात्र दोन शब्द लागतात. मोजायच्या वस्तूला 'हाऊ मेनी' आणि मोजत नाहीत तिला 'हाऊ मच'. थोडी मुले असली तर 'फ्यू', थोडे दूध असले तर 'लिटल'.

आपल्या राज्यात सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात. म्हणून हा घोटाळा आपल्याला लवकर भेटतो. माझे मत असे आहे की, हे नुसते पाठ करून येत नाही. घर आणि बाजार बघून येते.

चाकणच्या बाजारात कांदा वजनावर विकतात. म्हणून कुणाला वाटेल, कांद्याला 'मच' लावावे. पण कांदा एकेक उचलून मोजता येतो, म्हणून 'मेनी ओनियन्स'. तांदळाचे दाणे पण मोजता येतील, पण मोजत कोण बसणार? म्हणून राईसला 'मच'. आपण 'तांदूळ संपले', 'केस वाढले', 'पैसे दिले' असे अनेकवचनात बोलतो. इंग्रजीत राईस, डोक्यावरचे हेअर आणि मनी हे तिघे 'मच'वाले आहेत. रुपीज मात्र 'मेनी'. इथेच आपली गल्लत होते.

माझी आजी अजून शेर आणि पायली म्हणते. सन १९५६ च्या कायद्याने देशात किलो आणि लिटर आले. पण आजीची रीत इंग्रजीला उपयोगी पडते. 'दोन पायल्या ज्वारी' म्हणताना ती पायल्या मोजते, ज्वारी नाही. तसेच 'टू ग्लासेस ऑफ वॉटर' म्हणताना ग्लास मोजायचे, पाणी नाही.

माझी आत्या पिंपळे गुरवला राहते. तिचा मुलगा म्हणतो, सगळीकडे 'अ लॉट ऑफ' म्हणायचे, ते दोन्हीकडे चालते. ते खरे आहे. पण ते उत्तरात चालते. दुकानदाराला 'किती' असे विचारायचे असेल तर मेनी की मच हे ठरवावेच लागते. पळवाट किती दिवस पुरणार?

आता खरी गोष्ट सांगतो. कुणाचे मेनी-मच चुकले की काही मुले हसतात. मग तो मुलगा तास संपेपर्यंत तोंड उघडत नाही. हे बरोबर नाही. कंपनीत कामाला आलेल्या लोकांची मुले आपल्याबरोबर शिकतात. त्यांच्यातला कुणी 'पाणी आला' म्हणाला तरी आपल्याला समजते आणि आपण हंडा घेऊन पळतोच ना? आपण त्याला 'पाणी आले' असे सांगतो आणि तो शिकतो. मग इंग्रजीतच हसायचे कशाला?

म्हणून माझी एक सूचना आहे. वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावावा. एका बाजूला मेनी, दुसऱ्या बाजूला मच. रोज एकाने घरातल्या एका वस्तूचे नाव त्यात लिहावे. पालकांनी पण नावे सांगावीत. ज्यांना इंग्रजी येत नाही, त्यांनी मराठीत सांगावे. कोणत्या बाजूला लिहायचे ते आपण सगळे मिळून गुरुजींना विचारू.

चुकले तर खोडू, पण कुणी गप्प बसू नये.

— इयत्ता ४ थी