वृद्धांच्या खोलीत बुचाची फरशी

वृद्धांची खोली नव्याने सजवताना, बाटल्यांच्या जुन्या बुचांचा चुरा दाबून केलेली कॉर्कची फरशी घालावी काय, असे अनेक कुटुंबीय विचारतात. कॉर्क म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका ओकवृक्षाची साल. झाड न तोडता ती साधारण ९ वर्षांनी सोलतात. (पांढऱ्या सुगंधी फुलांचे आपले बुचाचे झाड निराळे.) सालीच्या सूक्ष्म पेशींत हवा कोंडलेली असल्याने ही फरशी उबदार व किंचित मऊ लागते.

सायवन परिसरात शेणाने सारवलेल्या भुईवर आयुष्य काढलेले पाय आता गुळगुळीत टाइलवर आले आहेत. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावली आहे, त्यांना टाइलवरची ओल कळतही नाही. पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. म्हणून पलंगापासून दारापर्यंत कॉर्क घालण्यास माझी हरकत नाही. मात्र त्यावर पडल्यास हाड मोडत नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आपला चार महिन्यांचा पाऊस हा खरा अडसर. जमिनीला ओल असेल तर कॉर्क फुगते, कडा उचलल्या जातात आणि ठेच लागण्यास तेवढे पुरते. तेव्हा आधी ओल थांबवावी, चकचकीत पॉलिश टाळावे. न्हाणीघरात कॉर्क नकोच. तेथे खडबडीत टाइल आणि भिंतीला धरण्यासाठी दांडा हवा. दोन्ही खर्च झेपणार नसतील, तर आधी दांडा बसवा.