दुर्बीण सर्वांसाठी

कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीतून आकाश पाहिल्यावर लॉस एंजेलिसचे धनिक ग्रिफिथ यांना वाटलं, हे प्रत्येकाला दिसायला हवं. १९१९मध्ये ते वारले. त्यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून १९३५मध्ये लॉस एंजेलिसच्या डोंगरावर वेधशाळा उभी राहिली. तिथली १२ इंची झाइस दुर्बीण सामान्य माणसासाठीच आहे. निरभ्र रात्री रांगेत उभं राहायचं, पाळी आली की डोळा लावायचा, तिकीट नाही. शहराच्या झगमगाटात अंधुक तारे हरवतात खरे, पण शनीची कडी आणि चंद्रावरची विवरं तिथूनही स्पष्ट दिसतात. चित्रात कितीही वेळा पाहिलेला शनी असा समोर आला की माणूस क्षणभर बोलत नाही. आपल्याकडेही शाळा-महाविद्यालयांत दुर्बिणी आहेत, काही कपाटात बंद. शिक्षकहो, पावसाळा सरला की त्या गच्चीवर आणा आणि गावाला बोलवा.