टीसी काढण्याआधी

दरवर्षी निकाल लागले, की सकाळच्या सरावानंतर एखादा पोरगा किट आवरायच्या निमित्तानं मागे रेंगाळतो. बाकीचे सायकली काढून गेले की मग त्याचा प्रश्न येतो. "सर, इथं राहून काही होऊन नाही राहिलं. कॉलेज बदलू का?" मी विचारतो, "काहून?" उत्तरं ठरलेली असतात. तिकडचा संघ तगडा आहे. तिकडचे सर फी माफ करतो म्हणाले. आणि तिकडं गेलो की युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये नाव लागेल.

पहिल्या दोन कारणांवर बोलता येईल. तिसऱ्यावर मात्र आधी बोललंच पाहिजे, कारण नागपुरात बेसबॉल खेळणारी निम्मी पोरं त्याच्यापायी टीसी काढायला निघतात.

आपल्याकडं कॉलेजच्या संघाची मजल आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपर्यंत. त्यापुढं, आंतरविद्यापीठ स्पर्धेत, खेळतो तो विद्यापीठाचा संघ. त्याची निवड वेगवेगळ्या कॉलेजांतून आलेल्या पोरांमधून होते. म्हणजे तुम्ही काँग्रेसनगरच्या कॉलेजातून आलात की सक्करदऱ्याच्या, शेवटी उभं राहायचं एकाच निवड चाचणीत आणि घालायची एकच जर्सी. कॉलेज बदलून चाचणी बदलत नाही. निवडीत कोणाचं वजन चालतं यावर मैदानाच्या कडेला चहासोबत पुष्कळ चर्चा होते, कुठल्याही गावात होते. त्या चर्चेच्या भरवशावर पदवीचं वर्ष इकडचं तिकडं करू नका.

हा गैरसमज येतो कुठून, तेही मला ठाऊक आहे. मोबाइलवरून येतो. पॉल स्कीन्सची गोष्ट हल्ली प्रत्येक पिचरला तोंडपाठ असते. अमेरिकेच्या एअर फोर्स अकादमीत दोन वर्षं खेळला, तिथं कॅचिंगही करायचा, मग लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला. २०२३ च्या जूनमध्ये ओमाहाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि जुलैमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं त्याला ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिला उचलला. एका बदलीनं आयुष्य पालटलं, असं वाटणारच. पण तिथं कॉलेजचा संघ हाच शेवटचा संघ असतो. राष्ट्रीय स्पर्धा तोच खेळतो आणि क्लबांची माणसं त्यालाच पाहायला येतात. पूर्वी तिथल्या बेसबॉलपटूला असं दुसरीकडं गेल्यावर सहसा एक हंगाम बाहेर बसावं लागे. २०१८ मध्ये बदली मागणाऱ्या खेळाडूंची नावं एका ठिकाणी नोंदवणारं पोर्टल आलं, २०२१ मध्ये एका बदलीपुरती बाहेर बसण्याची अट गेली आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदला म्हणाले. मात्र अभ्यासात पात्र असाल तरच. मोबाइलवरच्या व्हिडिओत एवढं शेवटचं वाक्य कापलेलं असतं.

आणि हाच पायरेट्स क्लब २००८ मध्ये भारतातल्या दोन पोरांना करारबद्ध करून गेला होता, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघं भालाफेक करणारे, उत्तर प्रदेशातले. त्यांना कोणी कॉलेज कुठलं म्हणून विचारलं नव्हतं. चेंडू किती जोरात आणि किती नेमका टाकता, एवढंच पाहिलं होतं.

तर आपल्याकडं खरा फरक पडतो तो कॉलेज बदलल्यानं नाही, विद्यापीठ बदलल्यानं. इथं आपल्या विदर्भाचा नकाशा जरा डोक्यात घ्या. १९२३ साली सुरू झालेल्या नागपूर विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळं निघालं, २०११ मध्ये गडचिरोलीचं गोंडवाना. आता राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडं नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे आहेत. म्हणून हिंगणघाटचा पोरगा नागपूरच्या कॉलेजात आला तर तो घरातल्या घरात खोली बदलतो. पण शेजारच्या वरोऱ्याचा आला तर तो गोंडवानातून नागपुरात आला, त्याचं विद्यापीठ बदललं. पुलगाव आणि धामणगाव एकाच रेल्वेमार्गावरची जवळची गावं. मध्ये वर्धा नदी. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि विद्यापीठही. अंतर किती आहे ते पाहू नका, तुमच्या गुणपत्रिकेच्या माथ्यावर कोणतं नाव छापलंय ते पाहा.

एकाच विद्यापीठात कॉलेज बदलायचं तर टीसी, दोन्ही कॉलेजांची संमती आणि विद्यापीठाची परवानगी एवढ्यावर भागतं. तेही नव्या कॉलेजात तुमच्या विषयांची जागा रिकामी असेल तर. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन प्रमाणपत्र आलं, पात्रतेची तपासणी आली आणि खेळाडूला सगळ्यांत जड जाते ती गोष्ट आली, वाट पाहणं. आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघाच्या, म्हणजे एआययूच्या, नियमांनी होतात. तिथं पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी लागतो. अभ्यासक्रम किमान एका शैक्षणिक वर्षाचा लागतो. कुठं पूर्णवेळ नोकरीला असलेला चालत नाही आणि तात्पुरत्या प्रवेशावर भागत नाही. वयाला मर्यादा आहे, बारावीनंतर किती वर्षं खेळता येईल यालाही आहे. म्हणजे मायग्रेशन अडकलं आणि प्रवेश पक्का झाला नाही, तर हंगाम कडेला बसून जातो आणि ते वर्ष तुमच्या मोजक्या वर्षांतून वजा होतं. यंदाची एआययूची नियमावली विद्यापीठाच्या क्रीडा विभागात जाऊन स्वतः वाचा. मित्रानं सांगितलेला नियम बहुधा त्याच्या मोठ्या भावाच्या काळातला असतो.

आता कॉलेज बदलायला खरोखर चांगली कारणं कोणती? एक तर तुमच्या कॉलेजचा संघच नसणं. बेसबॉलला नऊ जण लागतात, राखीव धरून पंधरा-सोळा. कॅचरचा मास्क, चेस्ट गार्ड, हेल्मेटं, बॅटा, ग्लोव्ह, सगळं महाग. पुष्कळ कॉलेजं क्रिकेट आणि कबड्डीवर थांबतात. अशा ठिकाणी असाल तर टीसीच्या आधी आपल्या शारीरिक शिक्षण संचालकांना भेटा. दहा-बारा पोरं मी जमवतो, आपण संघ उतरवू का, असं विचारा. सॉफ्टबॉल खेळलेल्या पोरांना बेसबॉलकडं वळवायला फार दिवस लागत नाहीत. मी स्वतः असाच वळलो. संघ उतरतच नसेल तर एकट्याचं नाव निवड चाचणीला जाऊ शकतं का, तेही क्रीडा विभागात विचारा. दोन्हीकडून नकार आला तर मग बदला, माझा आशीर्वाद आहे.

दुसरं कारण पिचरांसाठी, आणि ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्या आंतरकॉलेज स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात. ज्या कॉलेजकडं एकच धड पिचर असतो, तो सकाळी टाकतो, दुपारी टाकतो आणि दुसऱ्या दिवशी फायनललाही तोच उभा असतो. १९ ते २२ वर्षांच्या पिचरनं एका दिवसात १२० पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, आणि शंभराच्या घरात टाकले तर चार-पाच दिवस हाताला पूर्ण विश्रांती द्यावी, असं अमेरिकेच्या मेजर लीगनं डॉक्टरांना घेऊन ठरवलेलं मार्गदर्शन सांगतं. आपल्याकडं चेंडू मोजतो कोण? स्कोअररला धावा मोजतानाच घाम फुटतो. म्हणून जे सर तुम्हाला बोलावतायत त्यांना हा एकच प्रश्न नीट विचारा, "सर, तुमच्याकडं माझ्याशिवाय पिचर किती?" उत्तर "तूच आमचा हुकमी एक्का" असं आलं तर हुरळून जाऊ नका. तुमच्या कोपराचं पुढं काय होणार ते त्यांनी सांगून टाकलं आहे. उलट आहात तिथंच तुम्ही एकटे असाल आणि तिकडं तीन पिचर असतील, तर तिकडं जाणं शहाणपणाचं. कमी सामने मिळतील, पण हात टिकेल.

कॅचर, शॉर्टस्टॉप, आउटफिल्डर यांना हा ताप कमी. तुम्ही फक्त एवढं पाहा, की त्या जागेवर आधीच कोण उभा आहे आणि तो कितव्या वर्षाला आहे.

फी माफीचं बोलू. "ये तू, बाकी मी पाहून घेतो" हे वाक्य मैदानावर फार सहज निघतं, आणि म्हणणाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही. पण फी माफ करायचा अधिकार बहुतेक ठिकाणी स्पोर्टच्या सरांकडं नसतो, तो प्राचार्य आणि संस्थेकडं असतो. माझ्या पाहण्यातल्या एका मुलीला एका कॉलेजनं होस्टेलसकट सगळं मोफत सांगितलं होतं. दिवाळीनंतर होस्टेलचं बिल हातात आलं. तोवर सांगणारे सर दुसरीकडं गेले होते. तेव्हा कॉलेजच्या लेटरहेडवर काय माफ, किती वर्षांसाठी आणि दुखापत झाली तर काय, हे लिहून मागा. लिहून मागणं म्हणजे अपमान नव्हे. आईबाबांनी सोबत जावं. खेळाडू एकटा गेला की ट्रॅकसूटवर विरघळतो.

कागदांचं थोडक्यात सांगतो. प्रवेश घेतल्यावर मन बदललं तर कॉलेज मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्येच तसं बजावलं आहे. फी परत मिळण्याचे टप्पेही त्यातच दिलेत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलात तर थोडी कपात होऊन सगळी फी परत, त्यानंतर पण तारखेच्या आत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८०, तीस दिवसांत ५० टक्के आणि त्यापुढं काही नाही. आयोग एखाद्या वर्षी याहून सवलतीचं परिपत्रक काढतो, म्हणून चालू वर्षाचं पाहा. क्रेडिट एबीसीच्या, म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, खात्यात जमा झालीत का, ते स्वतः उघडून बघा. स्वायत्त कॉलेजातून विद्यापीठाच्या साध्या कॉलेजात जाताना विषय जुळले नाहीत, तर मागचे पेपर पुन्हा अंगावर येतात. शिष्यवृत्ती असेल तर महाडीबीटीवरचा अर्ज नव्या कॉलेजच्या नावे कसा होईल, ते प्रवेशाच्या आधी विचारा. इंजिनिअरिंग आणि फार्मसीवाल्यांनी तंत्रशिक्षण संचालनालयाचे नियम पाहावेत. तिथं मैदानावरच्या ओळखीला कुणी विचारत नाही.

घरचे विचारतात, यातून नोकरी लागेल का? महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण प्रत्येक प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जात नाही. कोणता खेळ, कोणत्या दर्जाची स्पर्धा आणि कितवा क्रमांक, यावर ते ठरतं, आणि बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यापासून पडताळणी कडक आहे. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात जाऊन आपल्या खेळाचं आणि स्पर्धेचं विचारून या. कॉलेज बदलल्यानं नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, एनरोलमेंट नंबर यांत एका अक्षराचा जरी फरक पडला तरी हेलपाटे तुम्हालाच. जुन्या कॉलेजातून खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र आणि संघाच्या यादीची प्रत टीसीच्या आधी हातात घ्या. एकदा नाव पटावरून गेलं की ती फाइल शोधायला कुणी उठत नाही.

मला विचाराल तर विद्यापीठ बदलायची सगळ्यांत सोपी वेळ पदवी झाल्यावरची. तीन वर्षं आहात तिथं काढा, खेळा, पास व्हा. मग खेळातच राहायचं असेल तर बी.पी.एड.ला जा. नागपुरात सोय आहे, आणि अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून उभं आहे. तिथं पूर्ण झालेली पदवी घेऊन गेलात की अर्धवट वर्षाचा आणि न जुळणाऱ्या विषयांचा घोळ उरत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर निघालेला खेळाडू दोन्हीकडं पाहुणा असतो.

एवढं ऐकूनही बदलायचं ठरलं, तर जुन्या सरांना स्वतः सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको आणि दुसऱ्याच्या तोंडून तर मुळीच नको. पुढं निवड चाचणीला तेही तिथंच उभे असणार. आणि किट परत करा. मास्क, लेग गार्ड, हेल्मेट, जे काही घरी असेल ते मोजून द्या आणि पावती घ्या, कारण नो-ड्यूज त्याच्यावर अडतं. माझ्या एका कॅचरचा टीसी एका ग्लोव्हपायी बारा दिवस लटकला होता. घर उलथंपालथं केलं, गादीखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं. ग्लोव्ह सापडला धाकट्या बहिणीच्या दप्तरात. ती शाळेच्या सॉफ्टबॉल संघात गेली होती आणि घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.