जुना गोळा गोठ्यात लावू नका



सवलतीचे बियाणे मिळाले, की आपण ते आणतो आणि पेरतो. सवलतीच्या दिव्याचे तसे नाही. नवा दिवा घरात आला, की जुना बाहेर गेला पाहिजे. पुष्कळ घरी नेमके हेच राहून जाते. माजघरात एलईडी लागतो आणि तिथला पिवळा गोळा गोठ्यात जातो. गोठ्यात आधी दिवा नसेल, तर बिल कमी होण्याऐवजी वाढते.

हिशेब पाहा. ६० वॅटचा गोळा रोज ५ तास जळाला, तर ३० दिवसांत ९ युनिट वीज खातो. जवळपास तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. असे दोन गोळे बदलले, तर महिन्याला १५ युनिट वाचतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढचा दर चढा असतो. म्हणून ज्या घरी ११२ युनिट येतात, तिथे आधी हीच महागडी वीज वाचते.

मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारची ‘ग्राम उजाला’ योजना निघाली. पहिल्या टप्प्यात नागपूरकडील गावेही होती. ३ वर्षांच्या हमीचा एलईडी अवघ्या १० रुपयांना मिळे. अट एकच, बदल्यात चालू स्थितीतला जुना गोळा द्यायचा. चालू वस्तू का द्यावी, असे कुणालाही वाटेल. पण सवलतीचा खर्च निघणार होता तो वीज वाचल्याबद्दल मिळणाऱ्या कार्बन क्रेडिटच्या पैशातून. जुना गोळा जळतच राहिला, तर वाचणार काय?

पंख्याचेही तेच. साधा पंखा सुमारे ७५ वॅटचा, बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅटचा. रोज १२ तास फिरला, तर महिन्याला १६ युनिटांचा फरक पडतो. किंमत जास्त असते. म्हणून दुकानदार जुन्या पंख्याचे पैसे वजा करून देत असेल, तर तो तिथेच सोडून या.

गोठ्यात उजेड हवाच असेल, तर तिथेही एलईडीच लावा. आणि गेल्या वर्षीची बिले जपून ठेवा. त्याच महिन्याच्या नव्या बिलाशी ताडून पाहा. मात्र रुपये नव्हे, युनिट पाहा. दर बदलतात, युनिट खोटे बोलत नाहीत.