टिंब रागावते तेव्हा

मंडळी, पॉडकास्ट हा शब्द तुमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी आता असेल. रेडिओवरच्या गप्पांसारखाच हा कार्यक्रम. फरक एवढाच की त्याला वेळेचे बंधन नाही. मोबाइलवर हवा तेव्हा लावावा, धार काढता काढता ऐकावा. काही पॉडकास्टवाले मधूनमधून जमलेल्या श्रोत्यांपुढे बसून बोलतात. समोरच्यांनी मान डोलावली की कीर्तनाला रंग चढतो, तसेच ते.

पण भाषाशास्त्रासारखा रुक्ष विषय ऐकायला कोणी वाट वाकडी करून जाईल काय? जातात. कॅनडातल्या माँट्रियलच्या ग्रेचेन मॅकुलक आणि ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या लॉरेन गॉन या दोघी भाषाशास्त्रज्ञ २०१६ पासून ‘लिंग्थुझिअ‍ॅझम’ नावाचा पॉडकास्ट चालवतात. दर महिन्याला एक भाग. गॉनबाईंचा अभ्यास नेपाळच्या डोंगरी गावांत बोलल्या जाणाऱ्या योल्मो भाषेचा. या दोघींनी २०१८ मध्ये मेलबर्नला श्रोत्यांपुढे विषय घेतला, तो इंटरनेटमुळे इंग्रजी सुधारते कशी हा. बिघडते कशी नव्हे, सुधारते कशी! याच अंगाने मॅकुलकबाईंचे ‘बिकॉज इंटरनेट’ हे पुस्तक २०१९ मध्ये निघाले.

त्यांचे म्हणणे मला पटते. बोलताना आवाज चढतो-उतरतो, हात हलतात, डोळे हसतात. कागदावर यातले काही उतरत नाही. पुस्तकाचे त्यावाचून भागते, पण मोबाइलवर आपण लिहून गप्पाच मारतो. तेव्हा लोकांनी आपल्या आपणच खुणा घडवल्या. इंग्रजीत सगळी अक्षरे मोठ्या लिपीतली टाकली की तो माणूस ओरडतो आहे असे धरतात. ‘एलओएल’ म्हणजे मुळात मोठ्याने हसणे. आता ते लिहिणारा हसत असतोच असे नाही. आपण बोलण्याला ‘बरं का’ जोडून धार बोथट करतो, तसाच त्याचा उपयोग होतो.

खरी गंमत पूर्णविरामाची आहे. मोबाइलवर निरोप धाडला की वाक्य संपलेच. टिंबाची गरज उरत नाही. मग कोणी मुद्दाम टिंब दिले, तर तरुण वाचणाऱ्याला आवाज खाली पाडून तुटकपणे बोलल्यासारखे वाटते. आपली पोरे मराठी निरोपसुद्धा निम्मे इंग्रजी अक्षरांत लिहितात, त्यामुळे ही सवय घरात शिरली असल्यास नवल नाही. शाळेत शिकवल्याप्रमाणे आईने ‘ठीक आहे.’ असे लिहावे आणि वसतिगृहातल्या लेकीने ‘आई रागावली’ म्हणून दिवसभर झुरावे! तीच कथा ओळीने दिलेल्या तीन टिंबांची. पोस्टकार्डावर जागा थोडी, म्हणून जुनी माणसे दोन गोष्टींच्या मध्ये टिंबे देत. तरुणांना वाटते, काहीतरी मनात दाबून ठेवले आहे. दोघेही आपापल्या नियमाने बरोबरच लिहितात. नियम दोन आहेत, एवढेच.

खुणांचे वेड आजचे नव्हे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकावरच्या सूचनाफलकावर कोणाची थट्टा कोणाला खरी वाटे. तेव्हा १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फॅल्मन यांनी सुचवले, की थट्टेपुढे अपूर्णविराम, छोटी रेघ आणि कंस काढावा. मान वाकडी करून पाहिले तर हसरा चेहरा दिसतो. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेला कुंकवाचे बोट लागलेले दिसले, की मजकूर वाचण्याआधीच घर हसत असे!

मोबाइलवरच्या चित्रखुणा म्हणजे इमोजी. त्या शब्दांची जागा घेत नाहीत, हातवाऱ्यांची घेतात, असे या दोघी सांगतात. अंगठा दाखवणे, हात जोडणे, खांदे उडवणे हे सारे त्यात आहेच. पॉडकास्ट कानांनी ऐकायचा, पण हातवाऱ्यांवरचा भाग त्यांना चित्रफितीसह काढावा लागला. नुसते ऐकून हात कसे दिसणार?