‘नुसतं मीठपाणी’ म्हणणाऱ्यांना

सलाईनच्या बाबतीत आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिला जुना आणि मोठा. ताप असो, अशक्तपणा असो, लग्नघरातली दगदग असो, ‘डॉक्टर, एक बाटली लावूनच टाका’ हा त्याचा जप. बाटलीत जीवनसत्त्वांचं इंजेक्शन सोडून पाणी पिवळं केलेलं असेल तर ते ‘ताकदीचं सलाईन’, आणि त्याची दक्षिणाही वेगळी. दुसरा पंथ अलीकडचा, शिकलेला. तो म्हणतो, सलाईन म्हणजे काय हो, नुसतं मीठपाणी! घरी करता येईल त्या सरबताचे दवाखानेवाले शेकड्यांनी पैसे उकळतात. पहिल्या पंथाची हजेरी अनेकांनी घेतली आहे आणि ती योग्यच होती. दुसऱ्याला मात्र कोणी हटकत नाही, कारण त्याचं बोलणं विज्ञाननिष्ठ वाटतं. आज त्याचा समाचार घ्यायचा आहे.

समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडावं, हा खंडनाचा पहिला नियम. तर या पंथाचे मुद्दे असे. नॉर्मल सलाईनच्या लिटरभर बाटलीत 9 ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजमध्ये 25 ग्रॅम साखर, म्हणजे जेमतेम एका केळ्याएवढी ऊर्जा. ज्याला तोंडाने पिता येतं त्याला हेच सगळं ओआरएसच्या पुडीतून मिळतं. मग सुई कशाला, खाट कशाला आणि बिल कशाला?

यातला आकडा न् आकडा बरोबर आहे. तोंडाने घेता येणाऱ्याला शिरेतून देऊ नये, हेही बरोबर. आणि याची साक्ष कोलकात्याच्या डॉ. दिलीप महालनबीस यांच्याइतकी पक्की दुसऱ्या कोणाची नसेल. 1971 मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसं पटापट मरत होती आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. महालनबीसांनी मीठ, साखर आणि खायच्या सोड्याचं मिश्रण पाण्यात घालून पाजायला लावलं. तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. मरणोत्तर पद्मविभूषण त्यांना 2023 मध्ये मिळालं. इतका उशीर का, हा प्रश्न इथे बाजूला ठेवू.

दुसरा पंथ ही गोष्ट नेहमी सांगतो, पण अर्धीच. त्या छावणीत ज्यांची नाडी लागत नव्हती, ज्यांना घोट गिळण्याचंही भान उरलं नव्हतं, त्यांच्यासाठी शिल्लक बाटल्या राखून ठेवल्या होत्या. बाकीच्यांना तोंडावाटे द्रव मिळत होता म्हणूनच त्या पुरल्या. ओआरएसने सलाईनला हद्दपार केलं नाही. ज्यांना त्याची खरी गरज होती, त्यांच्यापर्यंत ते पोचू दिलं.

आता ‘नुसतं’ या शेऱ्याकडे येऊ. सलाईन इतकं नुसतं असतं, तर त्यातलं मीठ वगळून शुद्ध पाणीच शिरेत सोडून पाहायला हरकत नसावी. तसं केलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. लिटरला 9 ग्रॅम हे प्रमाण कोणाच्या चवीवर ठरलेलं नाही. एवढं मीठ असलं की पेशी फुगतही नाहीत, आक्रसतही नाहीत. शिवाय बाटलीतलं द्रावण निर्जंतुक लागतं, आणि जंतू मेल्यावर मागे राहणारी ज्वरकारक द्रव्यंही त्यात चालत नाहीत. 2024 च्या नोव्हेंबरात कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणी दगावल्या आणि संशयाची सुई रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या प्रकारच्या सलाईनच्या बाटल्यांकडे वळली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की बाटलीतलं ‘पाणी’ तपासावंही लागतं. घरच्या सरबतासाठी कोणी औषध नियंत्रकाकडे धाव घेत नाही.

दुसरं असं की बाटल्या सगळ्या एकसारख्या दिसल्या तरी आतला माल वेगळा असतो. नॉर्मल सलाईनमध्ये सोडियम आणि क्लोराइड, दोन्ही लिटरला 154 मिलिमोल. रक्तात सोडियम 135 ते 145 आणि क्लोराइड शंभराच्या आसपास. म्हणजे ‘नॉर्मल’ म्हणवणाऱ्या या द्रावणात क्लोराइड रक्तापेक्षा दीडपट. लिटरच्या लिटर ओतलं तर रक्त आम्लतेकडे झुकतं. रिंगर लॅक्टेट, वॉर्डच्या भाषेत आरएल, यात थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम असतं आणि लॅक्टेट असतं. लॅक्टेटचं यकृतात बायकार्बोनेट होतं आणि आम्लता आटोक्यात राहते. सिडनी रिंगर या इंग्रज वैद्याने 1880 च्या दशकात बेडकाचं हृदय शरीराबाहेर धडकत ठेवण्याच्या खटपटीत मूळ द्रावण शोधलं. पुढे अमेरिकेतल्या अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञाने त्यात लॅक्टेट घातलं. नॉर्मल सलाईन आणि आरएल यांत भारी कोण, हा वाद अजून मिटलेला नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने आरएलसारख्या द्रवांच्या बाजूने किंचित झुकतं माप दिलं. नंतर ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांत मृत्युदरात ठोस फरक दिसला नाही. नुसत्या मीठपाण्यासाठी हजारो रुग्णांच्या चाचण्या कोण करत बसेल?

पाच टक्के ग्लुकोजची गोष्ट आणखी निराळी. त्यातली साखर शरीर वापरून टाकतं आणि उरतं पाणी. ते पेशींच्या आतबाहेर सगळीकडे पसरतं, रक्तवाहिन्यांत फारच थोडं टिकतं. रक्तदाब कोसळलेल्या माणसाला ‘ग्लुकोज चढवा’ म्हणणारे नातेवाईक, आणि ते ऐकून चढवणारे डॉक्टर, दोघेही वेळ घालवत असतात. तिथे मीठ असलेलं द्रावणच लागतं, कारण पाण्याला पेशींच्या बाहेर धरून ठेवण्याचं काम सोडियम करतं.

इथवर खंडन झालं. आता सलाईन करतं काय, ते पाहू.

हा उपचार पटकीतूनच जन्मला. 1831 मध्ये इंग्लंडात साथ पोचली तेव्हा विल्यम ओशॉनेसी या विशीतल्या आयरिश डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासून सांगितलं की त्यातलं पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात निघून गेले आहेत, ते परत घालायला हवेत. (हाच ओशॉनेसी पुढे कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवायला आला आणि हिंदुस्थानातल्या तारयंत्राचा जनकही ठरला.) पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लाट्टाने ते करून दाखवलं. त्याची पहिली रोगी एक वृद्धा होती, उपचारांच्या पलीकडे गेलेली. त्याने तिच्या शिरेत औंसामागून औंस क्षारजल सोडलं. आधी काहीच घडलं नाही. मग श्वास सुधारला, खोल गेलेले डोळे वर आले, हरवलेली नाडी हाताला लागली. लाट्टा तिला दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून गेला. जुलाब-उलट्या पुन्हा सुरू झाल्या, द्रव मात्र पुन्हा दिला गेला नाही, आणि काही तासांत ती गेली. पुढच्या वर्षी लाट्टाही वारला आणि ही पद्धत कित्येक दशकं अडगळीत पडली. पंढरीच्या वाटेवर पटकीने वारकरी मरत होते, गावोगाव मरीआईचे गाडे सीमेबाहेर ढकलले जात होते, त्या सगळ्या काळात उपाय छापील कागदावर होता.

आज तेच काम तालुक्याच्या रुग्णालयात कसं होतं ते पाहा. बारा किलोचं दोन वर्षांचं पोर आईच्या खांद्यावर मान टाकून येतं. डोळे खोल, रडतं पण पाणी येत नाही, सकाळपासून लघवी नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सुरकुती लगेच मोडत नाही, दोन सेकंदांपेक्षा जास्त तशीच राहते. पाणी पाजलं तर गिळत नाही. इथे पुडी उपयोगाची नाही, तोंडाची वाट बंद झालेली आहे. हिशोब किलोमागे 100 मिलिलिटर आरएलचा: एकूण 1200. त्यातलं 360 पहिल्या अर्ध्या तासात, उरलेलं 840 पुढच्या अडीच तासांत. शीर सापडणं हेच पहिलं संकट, कारण पाणी आटलेल्या पोराच्या शिरा चपटलेल्या असतात. अनुभवी सिस्टर हातावर टिचकी मारते, दिव्याखाली धरते, तिसऱ्या प्रयत्नात सुईच्या टोपणात रक्ताचा थेंब दिसतो. अर्ध्या तासाने पोर रडतं, आणि आता डोळ्यांतून पाणी येतं. ओठांना चमचा लावला की चोखायला लागतं. तो चमचा ओआरएसचा. शिरेतलं संपायच्या आधीच तोंडावाटे सुरू करायचं असतं. हेच पोर वर्षाच्या आतलं असतं तर तेवढाच हिशोब तीनऐवजी सहा तासांत पुरा करायचा.

भाजलेल्या माणसाचं गणित तर ऐकूनच घाबरायला होतं. साठ किलोची बाई, अंगाचा तीस टक्के भाग भाजलेला: चार गुणिले साठ गुणिले तीस, म्हणजे 24 तासांत 7200 मिलिलिटर. निम्मं पहिल्या आठ तासांत, आणि आठ तास मोजायचे भाजल्या क्षणापासून, दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे. जळालेल्या कातडीतून आणि सुजलेल्या ऊतींत रक्तातलं पाणी झिरपत राहतं. ते भरलं नाही तर मूत्रपिंडं बंद पडतात. हा आकडाही सुरुवातीचाच. पुढे दर तासाला लघवी किती झाली ते मोजून वेग कमीजास्त करतात.

आणि कधी शंभर मिलिलिटरच पुरतं. रक्तदाबाच्या गोळीने सोडियम 110 वर घसरलेल्या आजोबांना झटके यायला लागले की तीन टक्क्यांचं तीव्र सलाईन 100 ते 150 मिलिलिटर देतात. मेंदूची सूज उतरते, झटके थांबतात. मात्र त्याच आजोबांचं सोडियम दिवसभरात आठ-दहा मिलिमोलपेक्षा जास्त चढवलं तर मेंदूच्या खोल भागाला कायमची इजा होऊ शकते. मीठ तेच, माणूस तोच.

डेंग्यूत हीच गोष्ट दर पावसाळ्यात दिसते. नातेवाईकांचं सगळं लक्ष प्लेटलेटवर, तर जिवावर बेततं ते रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपण्याने. ती गळती एक-दोन दिवस चालते, बहुधा ताप उतरताना. त्या वेळी मोजून दिलेलं सलाईन माणूस तगवतं. मग गळती थांबते, झिरपलेलं पाणी आपोआप रक्तात परत येतं. तेव्हाही बाटली चालूच ठेवली तर फुफ्फुसांत पाणी भरतं आणि डेंग्यूतून वाचलेला रुग्ण उपचारात दगावतो.

पहिल्या पंथाने खूश होऊ नये. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. ‘ताकदीची’ म्हणून आजीला लावलेली नॉर्मल सलाईनची अर्ध्या लिटरची एक बाटली म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ, तेही थेट रक्तात. आजीचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर रात्री धाप लागते. सलाईनने बरं वाटलं ते कशाने? चार तास झोपून मिळाल्याने, कोणीतरी उशाशी बसल्याने, आणि पुष्कळदा बाटलीत गुपचूप सोडलेल्या स्टेरॉइडने. शहरात आता हेच ‘ग्लो ड्रिप’ नावाने वातानुकूलित खोलीत विकतात. पंथ तोच, भाविक तेवढे श्रीमंत.

डॉक्टरांनाही सोडता येणार नाही. 2011 साली युगांडा, केनिया आणि टांझानियात तीन हजारांहून अधिक आजारी मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांना झपाट्याने द्रव दिला तर अधिक मुलं वाचतील, अशी सगळ्यांची खात्री होती. उलट झालं: द्रव झपाट्याने दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. ही जुलाबाची मुलं नव्हती, त्यांना वगळलेलंच होतं. म्हणजे एका पोराला तीन तासांत उठवणारा उपचार दुसऱ्याला मारू शकतो. असं ज्याच्याबद्दल म्हणता येतं त्याला औषध म्हणतात. आणि औषध म्हटलं की कागदावर त्याचं नाव, प्रमाण, वेग आणि बंद करायची वेळ लिहावी लागते. आपल्या किती दवाखान्यांत ती लिहिली जाते? ‘आरएल दोन, डीएनएस (म्हणजे ग्लुकोज घातलेलं नॉर्मल सलाईन) एक’ एवढंच लिहून राउंड पुढे सरकतो. थेंब मोजायला मिनिट लागतं: नेहमीच्या सेटचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हा अर्धा लिटर आठ तासांत द्यायचं तर मिनिटाला एकवीस थेंब. पण रात्रपाळीला चाळीस खाटांमागे एक सिस्टर असेल, तर ती मोजणार कधी? हा दोष तिचा नाही, नेमणुका करणाऱ्यांचा आहे.

तेव्हा दोन्ही पंथांना विनंती एकच. उद्या घरच्या माणसाला सलाईन लागलं तर ‘आणखी एक लावा’ म्हणू नका आणि ‘कशाला लावता’ असंही म्हणू नका. बाटली कोणती, कशासाठी, किती तासांत आणि बंद कधी, एवढं विचारा. लघवी किती झाली ते वहीत लिहून ठेवा आणि राउंडला दाखवा. नीट उत्तर देणारा डॉक्टर भेटला, तर त्याच्या बिलातला बाटलीचा आकडा निमूट भरा.